डावा हात कुठे होता? पत्र्याच्या शेडवरचा एक अपघात आणि बॅटरीवरचा इम्पॅक्ट ड्रायव्हर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात मे महिन्याच्या शेवटी एका घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड चढवायचं काम चालू होतं. स्लॅब गळतो म्हणून वरून पत्रा घालून घ्यायचा, हे कोकणात आता घरोघरी चालतं, आणि प्रत्येकाला तो पावसाआधीच हवा असतो. काम घेतलेला फॅब्रिकेशनवाला, त्याचा एक मिस्त्री आणि एक हेल्पर, एवढीच माणसं साइटवर होती. दुपारी जेवण उरकून परत कामाला लागल्यावर मिस्त्रीच्या डाव्या हाताची तर्जनी फिरत्या स्क्रूत ओढली गेली. शेवटच्या पेराचं हाड मोडलं, नखाखालचं मांस फाटलं, आणि ऐन हंगामात त्याचं काम बंद पडलं.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतो. हा फॅब्रिकेशनवाला आमचाच जुना विद्यार्थी. त्याने फोन करून विचारलं, "सर, मशीनमध्ये काही फॉल्ट आहे का, जरा बघता का?" मशीन, बिट (मशीनच्या तोंडाला बसणारा, स्क्रू फिरवणारा तुकडा), उरलेले स्क्रू आणि कापून काढलेला हातमोजा असं सगळं तो घेऊन आला. नंतर मिस्त्री आणि हेल्पर या दोघांशीही मी निवांत बोललो. मशीन मी खोलून पाहिलं, चालवून पाहिलं. ट्रिगर सोडला की जागच्या जागी थांबत होतं, फॉरवर्ड-रिव्हर्सचा खटका नीट बसत होता, बिट धरणारी कॉलर घट्ट होती. फॉल्ट कुठेच नव्हता. चांगल्या अवस्थेतलं मशीन, वीस वर्षं हातात ड्रिल धरलेला माणूस, आणि तरी बोट गेलं. म्हणून हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं.

काम आणि मशीन

शेड साधारण हजार चौरस फुटांची. 2 मिमी जाडीच्या जीआय पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी आधारांवर, 0.5 मिमीचे कलर कोटेड पत्रे. स्क्रू 12 नंबरचे सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे 5.5 मिमी जाड, 55 मिमी लांब, टोकाला ड्रिलसारखी धार, वर 8 मिमीचं षटकोनी डोकं आणि त्याखाली ईपीडीएम रबराचा वायसर. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारायचे, म्हणजे पाणी खालच्या खाचेतून वाहून जातं आणि छिद्रावर साचत नाही.

आधीच्या हंगामापर्यंत हे काम ते वायरच्या ड्रिल मशीनने करत. यंदा नवीन 18 व्होल्टचा ब्रशलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू मारणारं बॅटरीवरचं मशीन, घेतला होता. डब्यावर लिहिलेलं: 180 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर), मिनिटाला 3,600 फेरे, मिनिटाला 4,000 ठोके. वजन बॅटरीसकट दीड किलोच्या आसपास. गच्चीवर वायर ओढायची कटकट गेली, एका हातात मशीन मावायला लागलं आणि कामाचा वेग वाढला. मिस्त्री खूश होता. "ड्रिलसारखा हात पिरगळत नाही, सर," असं त्याने मला तीन-तीनदा सांगितलं. मशीनचं कौतुक म्हणून तो हे सांगत होता. मला मात्र अपघाताचं मूळ त्याच वाक्यात दिसलं.

हात का पिरगळत नाही?

ड्रिलमध्ये मोटर, गिअर आणि बिट सरळ एकमेकांना जोडलेले असतात. बिट अडकलं की मोटरचा सगळा जोर उलटा मशीनच्या बॉडीत येतो आणि मनगट फिरतं. ज्याने ड्रिल वापरलंय त्याने हा हिसका कधी ना कधी खाल्लेला असतो, आणि त्याच धाकाने तो दुसरा हात बाजूच्या हँडलवर ठेवतो, पाय रोवून उभा राहतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये मोटर आणि बिट यांच्यामध्ये एक हातोडा आणि एक ऐरण असते, दोन्ही पोलादी आणि गोल. हातोड्याच्या मागे जाड स्प्रिंग असते आणि तो शाफ्टवरच्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचांतल्या दोन पोलादी गोळ्यांवर बसलेला असतो. स्क्रू हलका फिरतोय तोवर दोघं मिळून फिरतात. स्क्रूने अडवायला सुरुवात केली की ऐरण थांबते, हातोडा त्या खाचांवरून मागे सरकतो, ऐरणीच्या दातांवरून सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन पुढच्या दातावर आदळतो. एका फेऱ्यात साधारण दोनदा. तो टकटकटक आवाज याचाच. गच्च बसलेला नट काढताना आपण पाना नुसता ओढत बसत नाही, दांड्यावर हातोडीने ठोके मारतो. तेच काम इथे मिनिटाला हजारो वेळा होतं. ठोक्याचा जोर स्क्रूवर पडतो. बॉडीवर मात्र फक्त स्प्रिंग दाबायला लागतो तेवढाच थोडा पीळ येतो.

म्हणजे डब्यावरचे 180 न्यूटन-मीटर स्क्रूला मिळतात आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला त्याचा पत्ताही लागत नाही. उजव्या हाताला मशीन सौम्य वाटतं. त्यामुळे डावा हात मोकळा होतो, आणि मोकळा हात कामाच्या माणसाकडे स्वस्थ बसत नाही. तो लगेच स्क्रू धरायला पुढे जातो. ड्रिलचा हिसका त्रासदायक खरा, पण तो दोन्ही हातांना मशीनवर बांधून ठेवत होता. तो धाक गेला आणि त्याच्या जागी दुसरी कुठलीच सवय आली नाही. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच.

त्या दुपारी काय झालं

मिस्त्री पत्र्यावर पर्लिनच्या रेषेत उकिडवा बसून मागे मागे सरकत स्क्रू मारत होता. हेल्पर शेजारी स्क्रूची पिशवी धरून. सकाळभर काम सुरळीत झालं. दुपारनंतर स्क्रू बिटमध्ये टिकेना. बिटमध्ये घालावा तर डोकं डुगडुगायचं, उलटं केलं की गळून पडायचा. पडलेला स्क्रू पत्र्यावरून घरंगळत खाली जायचा. तीन-चारदा असं झाल्यावर मिस्त्रीने सरळ डाव्या हाताच्या चिमटीत स्क्रू धरायला सुरुवात केली.

बिट मी उजेडात धरून पाहिलं तेव्हा कारण कळलं. 8 मिमीचं मॅग्नेटवालं नट सेटर, म्हणजे स्क्रूचं षटकोनी डोकं खोबणीत धरणारं बिट; साइटवर त्याला नुसतं 'मॅग्नेट बिट' म्हणतात. त्याच्या खोबणीच्या तळाशी चुंबक असतं. प्रत्येक स्क्रू पर्लिनमधून जाताना लोखंडाचा बारीक कीस वर येतो, आणि तो चुंबकाला चिकटून बसतो. या बिटच्या तळाशी किसाचा चांगला तीन मिलिमीटरचा थर घट्ट बसला होता. एवढ्याशा खोबणीत तीन मिलिमीटर म्हणजे डोक्याला धरायला भिंतच उरत नाही. डोकं कडेवर टेकतं, चुंबकाची ओढ किसातच अडते आणि स्क्रू वाकडा फिरतो. चिमटीत धरून सुरुवात करण्यावाचून मिस्त्रीला मार्ग उरला नव्हता असं त्याला वाटलं, आणि कामाच्या घाईत मलाही ते समजण्यासारखं वाटतं. खोबणी साफ करायला एक मिनिट लागलं असतं. पण खोबणी भरते हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आता हातमोजा. पांढरा, सुती, विणलेला. हार्डवेअरच्या दुकानात डझनाने मिळतो तो. उन्हात पत्रा हात टेकवता येणार नाही इतका तापलेला आणि कडा ब्लेडसारख्या, त्यामुळे हातमोजे घालणं बरोबरच होतं. पण पत्रे उचलायला घातलेला तोच मोजा स्क्रू धरतानाही हातात राहिला. तर्जनीच्या टोकाशी त्याचे धागे आधीच निघालेले होते.

स्क्रूचं टोक पन्हळीच्या गोल माथ्यावरून घसरलं. स्क्रू चिमटीत आडवा झाला, टोकाच्या धारेत मोज्याचा एक धागा अडकला आणि पुढचं सगळं क्षणात झालं. मिस्त्री म्हणतो, "मी ट्रिगर सोडला हो, लगेच सोडला." मला त्याचं म्हणणं खरं वाटतं. हिशेब करून बघू. ट्रिगर अर्धा दाबलेला धरला तरी मिनिटाला 1,500 फेरे, म्हणजे सेकंदाला 25. काही बिघडलं हे कळून बोट ट्रिगरवरून उठेपर्यंत चांगल्या सावध माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात पाच फेरे झाले. 5.5 मिमीच्या स्क्रूचा घेर सुमारे 17 मिमी. पाच फेऱ्यांत साडेआठ सेंटिमीटर मोजा गुंडाळला गेला, म्हणजे बोटाच्या लांबीहून जास्त.

आणि ओढ केवढी? पूर्ण 180 न्यूटन-मीटरचा विचारच नको. नुसता 1 न्यूटन-मीटर टॉर्क घ्या, स्क्रूच्या पावणेतीन मिलिमीटर त्रिज्येवर तो धाग्याला सुमारे 360 न्यूटनने ओढतो. म्हणजे 37 किलोचं वजन बोटाला टांगल्यासारखं. त्यात अडथळा आला की ड्रिलमध्ये क्लच (जोर वाढला की जोड सोडणारा भाग) असल्यास तो सुटतो; इम्पॅक्ट ड्रायव्हरला बहुधा तसा क्लच नसतो, उलट अडथळा हीच त्याला ठोके सुरू करायची खूण. मिस्त्रीला शेवटी टकटक ऐकू आल्याचं आठवतं. ते ठोके त्याच्या बोटावर पडत होते.

अडकल्यानंतरचं अर्धं मिनिट

या भागात हेल्पर पोराचं मला मनापासून कौतुक वाटतं. बोट मोज्यासकट स्क्रूला गुंडाळलेलं, मिस्त्री ओरडतोय, आणि त्याचा उजवा अंगठा रिव्हर्सच्या खटक्याकडे निघालेला. त्याला वाटलं, उलटं फिरवलं की सुटेल. पोराने ओरडून सांगितलं, "दादा, हात लावू नका, बॅटरी काढतो," आणि मशीनच्या तळाचं बटण दाबून बॅटरी ओढून बाजूला केली. मग पत्रा कापायच्या कात्रीने मोजा मनगटाकडून वर कापत आणला, धागे तोडले आणि बोट सोडवलं.

रिव्हर्स का नको, हे सांगायला हवं, कारण तो मोह कुणालाही होईल. वेदनेत आवळलेलं बोट ट्रिगर हळू दाबू शकत नाही, तो पूर्णच दाबला जातो. गुंडाळलेला धागा सुटता सुटता उलट्या बाजूने पुन्हा गुंडाळला जातो. मोडलेलं हाड त्यात दुसऱ्यांदा पिळलं जातं. अडकल्यावर ट्रिगर सोडायचा, बॅटरी काढायची आणि मग कापून सोडवायचं. स्क्रूच फिरवावा लागला तर 8 च्या पान्याने हाताने, सावकाश.

खाली आणल्यावर घरच्या काकू हळद घेऊन धावत आल्या. माया म्हणून आल्या होत्या, पण ती लावू दिली नाही हे फार बरं झालं. हाड मोडलेल्या उघड्या जखमेत हळद, चुना, कॉफी काहीच भरायचं नसतं. स्वच्छ कापडाने दाबून, हात छातीच्या वर धरून थेट दवाखाना गाठायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, एक्स-रेसाठी पुढे तालुक्याला पाठवलं.

हे दुसऱ्या कुठल्याही बोटाचं झालं असतं

बोलता बोलता आणखी काही गोष्टी निघाल्या. त्यांना कुणीच अपघात म्हणत नव्हतं, कारण त्यात कुणाचं काही मोडलं नव्हतं. मला तर त्या सगळ्यांत तोच डावा हात दिसत होता.

बिट बदलताना बॅटरी कधीच निघत नसे. या मशीनची कॉलर पुढे ओढून पाव इंची षटकोनी दांड्याचं बिट बाहेर येतं. काम दोन सेकंदांचं. पण कॉलर ओढायला डावा हात मशीनच्या नाकाशी आणि उजवा हात मुठीवर, म्हणजे तर्जनी ट्रिगरपाशी. जोर लावताना मूठ आवळते. बॅटरी काढणं शक्य नसेल तर निदान फॉरवर्ड-रिव्हर्सचा खटका मध्यावर आणायचा. तिथे ट्रिगर लॉक होतो. मशीन कमरेच्या हुकला अडकवतानाही तेच, नाहीतर शिडी चढताना मांडीला घासून ट्रिगर दाबला जातो. माझं मत विचाराल तर बिट बदलताना बॅटरी काढायचीच. खटका मध्यावर आहे की किंचित अलीकडे, हे दिवसाच्या शेवटी थकलेल्या डोळ्यांना कळत नाही. बॅटरी काढलेली असली तर ती निघालेली दिसते.

हेल्परच्या डाव्या तळव्यावर एक जुना व्रण होता. आधीच्या एका कामात बारकी अँगलची पट्टी तळहातावर धरून तिच्यात स्क्रू मारताना फिलिप्स बिट, म्हणजे अधिकच्या आकाराच्या टोकाचं, डोक्यातून निसटलं आणि तळव्यात घुसलं. फिलिप्सच्या खाचेच्या बाजू उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की बिट वर उचललं जातं, आणि इम्पॅक्टच्या ठोक्यांत ते पटकन होतं. छोटा नग हातात धरायचाच नाही. क्लॅम्पमध्ये, व्हाइसमध्ये, निदान पायाखाली फळीवर. बिटच्या रेषेत पुढे कुठेही स्वतःचं अंग येता कामा नये.

मिस्त्रीच्या गालावर बारीक डाग होता तो तुटलेल्या बिटच्या कपचीचा. साध्या स्क्रू ड्रायव्हर सेटमधलं चकचकीत बिट त्याने या मशीनला लावलं होतं. ती बिटं कडक असतात पण ठोक्याने तडकतात. इम्पॅक्टसाठीची बिटं मधल्या भागात बारीक केलेली असतात, तो भाग प्रत्येक ठोक्याला किंचित पीळ घेऊन परत येतो. सॉकेटचंही तसंच: क्रोमचे चकचकीत सॉकेट हातपान्यासाठी, इम्पॅक्टला काळे जाड भिंतीचे. कपची गालाऐवजी दोन इंच वर लागली असती तर हे प्रकरण डोळ्याचं झालं असतं. कडेने झाकणारा चष्मा दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो. त्या साइटवर एकही नव्हता.

आणि पट्टा. फुल बॉडी हार्नेस टेम्पोत पडून होता. मिस्त्री बसलेल्या जागेपासून शेडची कड चार फुटांवर होती, आणि त्या कडेच्या खाली गच्ची नव्हती, थेट अंगण होतं. बोट अडकल्यावर माणूस झटक्याने मागे होतो. तो बसलेला होता म्हणून वाचला. उभा असता तर मी आज बोटाबद्दल लिहीत नसतो.

कानाचं आणि हाताला बसणाऱ्या कंपाचं नुकसान हळूहळू होतं, म्हणून ते कुणी मोजत नाही. हजार चौरस फुटांना साधारण पाचशे स्क्रू लागतात. एकाला पाच सेकंद ट्रिगर धरला तरी 2,500 सेकंद, म्हणजे 42 मिनिटं. या मशीनचा आवाज ठोके पडताना 95 डेसिबलच्या आसपास जातो, खाली मोकळा पत्रा असला की आणखी घुमतो. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था नायॉश 94 डेसिबलला दिवसाचा एक तास आणि 97 ला अर्धा तास एवढीच मर्यादा सुचवते. म्हणजे एका शेडमध्ये कानांचा दिवसाचा कोटा जवळपास संपतो. कंपाचं मोजमाप युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशात आहे: आठ तासांच्या सरासरीने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडलं की मालकाने उपाय सुरू करायचे. 12 मीटर प्रति सेकंद वर्ग इतका कंप देणाऱ्या मशीनवर ती पातळी वीस-एकवीस मिनिटांत गाठली जाते, आणि या वर्गातली मशीनं ठोके मारताना त्याच्या आसपासच कंप देतात. दहा-पंधरा रुपयांचे कानातले बोळे आणि मशीन दोघांनी आलटून पालटून धरणं, एवढ्याने दोन्हींचा बराचसा बंदोबस्त होतो.

मग बदललं काय

फॅब्रिकेशनवाल्याचा पहिला प्रश्न सरळ होता. "सर, मशीन विकून टाकू का?" मी नको म्हटलं. पण हेही सांगितलं की पत्र्याच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूसाठी हे योग्य मशीन नाही. स्क्रू बनवणाऱ्या अनेक कंपन्या यासाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरू नका असंच सांगतात. त्यासाठी वेगळी स्क्रू गन येते, तिच्या नाकाला खोली ठरवणारा भाग असतो. स्क्रू ठरलेल्या खोलीला पोचला की फिरणं आपोआप थांबतं. इम्पॅक्टने वायसर चिरडला जातो. रबर धातूच्या वायसरच्या कडेपर्यंत जेमतेम फुगलं पाहिजे. ते बाहेर चिरडून आलं तर उन्हाने फाटतं आणि दोन पावसांत तिथूनच गळती. त्या शेडवरचे स्क्रू मी पाहिले, बरेचसे असेच चिरडलेले होते. घरमालकाने पत्रा गळतीसाठीच घातला होता, हे लक्षात घेतलं तर ही तक्रार काही लहान नव्हे.

स्क्रू गन पुढच्या हंगामात घ्यायचं ठरलं. पण पाऊस तोंडावर, उरलेले पत्रे आहे त्याच मशीनने लावायचे होते. त्यासाठी कामाची पद्धत बदलली, आणि सगळा भर एकाच गोष्टीवर ठेवला: डाव्या हाताने स्क्रू धरायची गरजच पडू नये.

पत्रे वर चढवण्याआधी खाली अंगणातच एकावर एक रचून, पर्लिनच्या अंतराने दोरी मारून, पन्हळीच्या माथ्यावर 3 मिमीचे बोर साध्या ड्रिलने मारून घेतले. दहा पत्रे एका वेळी होतात. बोरचा कीस लगेच झाडायचा, नाहीतर पहिल्या पावसात रंगावर गंजाचे ठिपके उठतात. यामुळे स्क्रूचं टोक घसरायचं थांबलं आणि रांगही सरळ आली. वर गेल्यावर स्क्रू आधी बिटमध्ये घालायचा, मग टोक बोरमध्ये टेकवायचं, आणि डावा हात मशीनच्या मागच्या टोकावर, हवेच्या जाळ्या न झाकता. तिथून दाब सरळ स्क्रूच्या रेषेत जातो. सुरुवात ट्रिगर किंचित दाबून, टोक पत्र्यात शिरलं की वेग. टकटक सुरू झाली की ट्रिगर सोडायच्या तयारीत राहायचं, आणि शेवटचा अर्धा फेरा हातपान्याने. वेळ जास्त लागतो. मिस्त्रीच्या जागी आलेल्या माणसाने पहिल्या रांगेला कुरकुर केली, पण गळून पडणाऱ्या स्क्रूंच्या मागे जाणारा वेळ वाचला तेव्हा ती थांबली.

बिटची खोबणी दर पत्र्यागणिक साफ करायची. चिकटपट्टी उलटी गुंडाळून, चिकट बाजू बाहेर ठेवून, खोबणीत दाबून ओढली की कीस तिच्याबरोबर बाहेर येतो. ओढून काढता येणाऱ्या चुंबकाचं नट सेटरही बाजारात मिळतं, त्याची साफसफाई आणखी सोपी. लांब स्क्रूसाठी पुढे सरकणारी नळी असलेला होल्डर घेतला. ती नळी स्क्रूभोवती उभी राहून त्याला सरळ धरते आणि बोटांना आत जायला जागा देत नाही.

हातमोज्यांवर बराच वाद झाला. फॅब्रिकेशनवाला म्हणे, मोजेच बंद करू. ते मला पटलं नाही, कारण पत्र्याच्या कडेने तळहात चिरलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत. सुती विणलेले मोजे मात्र साइटवरून हद्दपार केले. पत्रे उचलायला, सरकवायला जाड, सहज कापला न जाणारा मोजा; मशीन हातात घेतलं की तो काढायचा, आणि घालायचाच असला तर बोटांना चिकटून बसणारा, वरून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असलेला पातळ मोजा. तोही फिरणाऱ्या भागाजवळ न्यायचा नाही. मोजा कुठलाही असो, स्क्रू धरायला हात पुढे जाणार नसेल तरच तो सुरक्षित. अंगठी, हातातला दोरा, लोंबणारी शर्टाची बाही यांनाही हाच नियम. आमच्याकडे गंडेदोरे बहुतेकांच्या मनगटाला असतात. काढायला सांगितलं तर माणूस दुखावतो, म्हणून वर घट्ट मनगटपट्टी बांधायला सांगितली आणि ती सगळ्यांनी बांधली.

बॅटरीचं एवढंच: उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवायची नाही, सावलीतल्या डब्यात ठेवायची, वापरून गरम झालेली लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि स्क्रूच्या पिशवीत तर मुळीच टाकायची नाही. स्क्रूंनी दोन टोकं जोडली गेली की लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. हेल्परच्या पिशवीत एक सुटी बॅटरी मला सापडलीच होती. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, भिंतीत पट्टी मारताना आत वायर असू शकते, तेव्हा मशीन रबरी मुठीलाच धरायचं, पुढच्या धातूच्या नाकाला नाही. वायर लागली तर करंट बिटमधून त्या नाकापर्यंत येतो.

मिस्त्रीचं हाड जुळलं. बोटाचं शेवटचं पेर पूर्ण वाकत नाही आणि थंडीत ठणकतं. बारका नट धरताना निसटतो म्हणून तो आता मधल्या बोटाने धरायला शिकलाय. कामावर परत आला तेव्हा आधी त्याने नवी पद्धत हेल्परकडून शिकून घेतली, काही न बोलता.

पैशाचा प्रश्न सगळ्यात जास्त दिवस रेंगाळला. दवाखान्याचा खर्च फॅब्रिकेशनवाल्याने केला, निम्मा रोजही दिला. पण मिस्त्रीची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीच नव्हती, त्यामुळे तिथून एक रुपया मिळाला नाही. नोंदणीसाठी आधीच्या वर्षात 90 दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो ठेकेदाराने किंवा ग्रामसेवकाने द्यायचा असतो. एवढी वर्षं तो मागायचं मिस्त्रीला सुचलं नव्हतं आणि द्यायचं फॅब्रिकेशनवाल्याला. आता दोघांचे दाखले झाले आहेत, मिस्त्रीचा आणि हेल्परचा. हेल्परच्या 90 दिवसांतला शेवटचा दिवस त्याच शेडवर भरला.